खंडेनवमीचं हेलिकॉप्टर

गणपतरावांच्या ताब्यात दिलेली वस्तू खराब होत नाही, अशी राजारामपुरीत त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती हे खरं, पण खोटी नव्हती. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस तो. पान्ह्यावर गंजाचा ठिपका दिसला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळं त्यांच्या मुलानं, विश्वजितनं, जिवापाड जपायची वस्तू त्यांच्याकडं पाठवली तेव्हा ती योग्य हाती पडली, असंच कुणीही म्हटलं असतं.

वस्तू म्हणजे वीतभर लांबीचं हेलिकॉप्टर. ओतीव धातूचं, वजनदार, सैन्यातल्या लढाऊ हेलिकॉप्टरची हुबेहूब नक्कल. वर फिरणारी पाती, नाकाखाली तोफ, बाजूच्या आखूड पंखांखाली रॉकेटं, आणि अंगावर तो सैन्याचा निबर हिरवा रंग, त्यावर चिकटवलेली तुकडीची चिन्हं. विश्वजित सैन्यात हेलिकॉप्टरांच्या देखभालीला होता. बदली झाली तेव्हा तुकडीनं निरोप म्हणून त्याला ते दिलं आणि त्यानं मित्राबरोबर घरी धाडलं. सोबत चिठ्ठी होती. "आबा, हे तुमच्याकडं ठेवा. जपा. दसऱ्याला येतोय."

आता यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण बापलेक तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चालता लेथ सोडून हा फौजेत जातो म्हणून गणपतराव त्याला स्टेशनवर सोडायलासुद्धा गेले नव्हते. तेव्हापासून सगळा व्यवहार आक्काच्या फोनवरून चाले. आक्का म्हणजे गणपतरावांची थोरली बहीण. भावजय वारल्यावर ती चंदगडहून येऊन घर सांभाळत होती आणि लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत. "आबा बरं हायत न्हवं?" असं तिकडून येई, "बरं हाय म्हणून सांग," असं इकडून जाई. आणि आता ही चिठ्ठी, थेट त्यांच्या नावानं. गणपतरावांनी ती दिवसातून किती वेळा वाचली ते सांगण्यात अर्थ नाही. माणूस सुखावला होता.

त्यांनी काचेची पेटी करून घेतली, तिला कुलूप घातलं आणि येईल त्याला लांबून हेलिकॉप्टर दाखवायला सुरुवात केली. कुणी "नातवाला आणलंय काय?" विचारलं की ते गंभीर होत.

"खेळणं न्हवं हे पावणं. हत्यार हाय."

आक्का हे महिनाभर स्वयंपाकघरातून ऐकत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. गणपतराव सकाळीच लेथ धुवायला वर्कशॉपला निघाले. जाताना किल्ल्यांचा जुडगा आक्काच्या हातात देऊन म्हणाले, "घरातलं झाडून सगळं हत्यार पूजंला लाव. एक बी सुटाय नगं."

आक्कानं आजवर कुठलंही काम अर्धवट केलं नव्हतं. तेवढंच नडलं.

दुपारी गणपतराव परतले. पाटावर विळी, कोयता, कुऱ्हाड, हातोडे, पान्हे ओळीनं मांडलेले. मधोमध, झेंडूच्या माळेत, काहीतरी चांदीसारखं लखलखत होतं. त्याला नाकापासून पोटापर्यंत हळद-कुंकू माखलं होतं, चाकांखाली लिंबं होती, शेपटीला मिरच्या बांधल्या होत्या.

गणपतरावांना ते काय आहे ते कळायला थोडा वेळ लागला.

"आक्का, रंग कुठं गेला?"

"लई मळकट हुतं रे. कसला हिरवा थर बसलावता त्येच्यावर. दोनदा चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीनं घासलं तवा सुटला."

"आन् त्येच्यावरची चिन्हं?"

"ती कागदं व्हय? ती गेली मोरीत."

गणपतरावांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. आक्कानं सगळं ऐकलं आणि पदर खोचला.

"खेळणं असतं तर हात लावला नसता. हत्यार हाय म्हणून महिनाभर वरडत हुतास. हत्यार म्हणून पुजलं. वाहन बी हाय म्हणून लिंबं ठेवली. माझं काय चुकलं?"

चूक सापडेना. ही आक्काबद्दलची जुनीच अडचण होती.

मुलगा उद्या येणार. तीन वर्षांनी त्यानं एक गोष्ट विश्वासानं हाती दिली, आणि तिची भांड्यांबरोबर आंघोळ झाली. त्यांनी हेलिकॉप्टर टॉवेलात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरचा ज्ञानू पेंटर गाठला. ज्ञानू रिक्षा रंगवायचा. मोबाइलमधला जुना फोटो बघून तो म्हणाला, "तासाभराचं काम. तुमी निवांत जावा घरला."

निवांत कसलं जाता येतंय? पण दसऱ्यासाठी नटायला आलेल्या रिक्षांनी रस्ता अडला होता, उभं राहायला जागा नव्हती. गणपतराव गेले आणि दिवेलागणीला परत आले.

हेलिकॉप्टर हिरवं झालं होतं. पोपटासारखं. आरशासारखं चकाकत होतं. कडेनं पिवळी वेलबुट्टी होती, पुढं 'MH 09' होतं आणि शेपटीवर 'आई अंबाबाई प्रसन्न'.

"हे फोटोत हुतं काय?" गणपतरावांनी अगदी हळू विचारलं.

"न्हवतं. पर लई मोकळी जागा ऱ्हायलीती," ज्ञानू म्हणाला. "मला बगवत न्हाय."

दसऱ्याला सकाळी विश्वजित आला. रापला होता, खांदे रुंद झाले होते. तो पाया पडला. गणपतरावांनी 'प्रवास बरा झाला का' हे विचारायचं ठरवलं होतं, तेही राहून गेलं. विश्वजितची नजर पेटीकडं गेलीच.

त्यानं हेलिकॉप्टर बाहेर काढलं. रंग अजून ओला होता, बोटं चिकटली. गणपतरावांना वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. विश्वजितनं ते उलटं केलं. पोटाखालच्या एका खाचेत ज्ञानूचा ब्रश पोचला नव्हता. तिथं हळद होती.

"आबा," त्याचा आवाज बदलला, "ह्येची पूजा केलीसा? लेथच्या हत्यारांसंगं?"

गणपतरावांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोराचे डोळे भरले होते. तीन वर्षं जे हवं होतं ते समोर होतं, फुकट मिळत होतं.

"न्हाय," ते म्हणाले. "आक्कानं केली. मी बघितलं आन् तिला नगं नगं ते बोललो. रंग मीच देऊन आणलाय. तू जपाय सांगितलंतास, माझ्याच्यानं जपणं झालं न्हाय."

विश्वजितनं बोटाचा रंग रुमालाला पुसला. मग त्यानं पातं फिरवून बघितलं. ते फिरेना.

"रंग बसलाय आत."

"दे हिकडं. बारका पान्हा हाय माझ्याकडं."

दोघं जमिनीवर बसले. पातं निघालं, आतला दांडा दिसला. खऱ्या हेलिकॉप्टरात इथं बेअरिंग कसलं असतं, ते गणपतरावांनी विचारलं. विश्वजितनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, तेही त्यांनी सांगितलं. मग वाद चांगलाच रंगला. आक्कानं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ती दारात येऊन उभी राहिली.

"तीन वर्सं बोलाय न्हाय आलं, आन् आता गप बसाय येत न्हाय."

जेवताना गणपतराव खुशीत होते. पुरणपोळीवर तूप ओतून घेत त्यांनी महिनाभर मनात घोळवलेला प्रश्न विचारला. उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"विश्वा, हे माझ्याच नावावर का धाडलंस रं? सगळं तर आक्काला सांगतोस."

विश्वजितनं स्वयंपाकघराकडं बघितलं. आक्का पोळी भाजत होती. तो ताटावर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आक्काकडंच धाडणार हुतो. पर ती चिंचेनं घासंल, अशी भीती वाटली."

गणपतरावांनी आणखी एक पोळी मागितली.