आजोबांची पदकं, माझी छाती

पदक कसं लावावं ते मला विचारा! अँझॅक डेला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, आमच्या वॅरिंगा गावातल्या निम्म्या कोटांवर माझाच हात फिरतो. अख्ख्या ऑस्ट्रेलियात माझ्याइतकं सरळ कोणी लावत नसेल!

त्यामुळे यंदा बायको, नोरीन, म्हणाली, "क्लाइव्ह, आजोबांची पदकं उजवीकडे हं. मी लावू?" तेव्हा मी हसलोच.

"तू तुझी सँडविचं बघ!"

समोरच्या माणसाची उजवी छाती म्हणजे माझ्या डाव्या हाताची बाजू, हे मला पाठ! आरशासमोर उभा राहिलो आणि समोरच्या माणसाला नेहमीसारखी झोकात लावून दिली.

संचलनात शेजारून निवृत्त सार्जंट मर्व्ह पुटपुटले, "काय रे, तू कुठल्या लढाईत होतास?"

"मी? माझे तळपाय सपाट! सैन्यानं दारातूनच परत पाठवलं."

"मग पदकं डावीकडे कशी? डावीकडे ज्यानं मिळवली त्यानंच लावायची! दुसऱ्याची स्वतःची म्हणून मिरवलीस तर सहा महिने आत!"

मी खाली पाहिलं. आरशातला समोरचा माणूस मीच होतो की! तेवढ्यात रस्त्यापलीकडून पोलीस हवालदार डर्मटनं माझ्या छातीकडे बोट करून खुणावलं. मी हातातलं पुष्पचक्र छातीशी घट्ट धरलं. चोरसुद्धा मुद्देमाल इतक्या प्रेमानं कवटाळत नसेल!

पण ते चक्र स्मारकापाशी ठेवायचा मान यंदा माझाच होता! बिगूल वाजला. सगळं गाव माना खाली घालून उभं. मी चक्र सोडेना.

"ठेव ना!" मर्व्ह दातओठ खात म्हणाले.

"ठेवलं की तुरुंग!"

आजोबांनी जीव धोक्यात घालून मिळवलेल्या नावाला मी भर चौकात काळं फासणार होतो. इतक्यात डर्मट थेट माझ्यापाशी आला आणि माझा धीरच सुटला.

"आरशानं केलं, साहेब! मी कुठल्याच युद्धात नव्हतो!"

डर्मटनं चक्र माझ्या हातातून सोडवून खाली ठेवलं, पदकं निरखली.

"मघापासून खुणावतोय, बाजू बदल म्हणून! अरे, ही पहिल्या महायुद्धातली. तू लढला असतास तर आज सव्वाशेच्या पुढे असतास. कोणता न्यायाधीश विश्वास ठेवेल?"

त्या शांततेत मागून नोरीनचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला, "सकाळी हा उठला की येऊन याचं तोंड बघा म्हणावं न्यायाधीशाला. ठेवेल!"