देशाचा आकडा आणि गुलाबमामा

आमच्या बोरी अरब गावात गुलाबमामांना कुणी नमस्कार करत नाही. त्यांना आधी मूठ वळून दाखवायची, मग बोलायचं. बाजारात तसं, लग्नाच्या पंगतीतही तसंच. एकदा तर मयतीच्या घरी त्यांनी रडणाऱ्या व्याह्यालाच थांबवलं. "मूठ वळते काय पुरी?" व्याह्याने वळली. ती मामांच्या नाकासमोर बराच वेळ तशीच राहिली.

मामा माझे शेजारी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दारव्ह्याच्या एका शिबिरात त्यांनी आमवातावरचं भाषण ऐकलं. हा आजार बोटांचे लहान सांधे धरतो, सकाळी हात आखडतात, मूठ पुरी वळत नाही, बायकांना तो पुरुषांपेक्षा जास्त होतो. पण देशाच्या कोणत्या भागात तो नेमका किती आहे, याची माहिती अपुरी आहे. हे शेवटचं वाक्य मामांना सहन झालं नाही. नोकरीत असताना प्रवासी आणि तिकिटं जुळल्याशिवाय त्यांनी गाडी हलू दिली नव्हती.

"देशाचा आकडा चुकून राह्यला," हे तेव्हापासूनचं पालुपद. "शहरातला मानूस शिंकला तं आकड्यात येते. आपल्या बाईची बोटं वाकडी झाली, तरी म्हन्ते काही नाई, कापूस येचून दुखते."

यंदा आमवाताच्या देशभरच्या पाहणीसाठी खरंच डॉक्टरांचं पथक निघालं आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत आमचं गाव आलं. मामा पथकाच्या पुढे चालत दारोदार ओरडत होते, "दुखनं दडवू नका वो!"

शेजारच्या रेखाने सासूला आतल्या खोलीत बसवलं होतं. मामा दारातच अडले. "काहून वो रेखा, देशाले गंडवतं काय?"

"मामा, आधी आपल्या घरचं सांगा," रेखा म्हणाली.

मामा पुढे निघाले. आता फक्त त्यांचंच घर उरलं होतं.

मामांच्या पत्नी कमलमामी शाळेत पोषण आहार शिजवतात. कामावर कुणाला ठेवायचं, हे शाळेची समिती त्याच आठवड्यात ठरवणार होती आणि त्या जागेवर डोळा ठेवून दुसरी बाई तयारच होती. पथक अंगणात आलं तसे मामींनी हात पदराखाली घेतले.

"सकाळी बोटं आखडतात का?" तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाई."

"सुजतात?"

"नाई म्हटलं ना."

"नाव शाळेला कळणार नाही, मामी. आणि आत्ता औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात."

"गावात काय दडते बाई? भातवाढी हातातून सुटली अशी हवा झाली, की गेलं काम."

डॉक्टरबाईंनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "लिहा. नाई."

मागोमाग येऊन दारात उभी राहिलेली रेखा हसली नाही.

डॉक्टरबाई उठल्या, पण निघाल्या नाहीत. त्या मामींच्या मागे जाऊन थांबल्या. एसटीच्या टपावर सामान बांधावं तशी त्यांची वेणी करकचून बांधलेली होती. टोकाला दोन गाठी.

"वेणी कोण घालतं, मामी?"

त्यांची लेक केळापूरला नांदते, घरात दोघंच. मामांनी खाटेची दोरी उगाच ओढून पाहिली.

"म्या," ते म्हणाले. "रोज. तिच्यानं नाई होत."

"सांगलंच ना शेवटी?" मामी कडाडल्या. "उद्या काम गेलं तं?"

"जाऊ दे. हात तं राह्यतीन."

मामींनी पदराखालून दोन्ही हात काढून डॉक्टरबाईंच्या पुढे धरले. बोटांचे सांधे फुगलेले होते.

"लिहा बाई," त्या म्हणाल्या. "अन् या मानसाले जरा सैल वेणी शिकवून जा. दिवसभर डोकं दुखते माहं."