गुरुराजचं चौथं मशीन

तिसरं व्हॅक्यूम क्लीनर मंगळवारी सकाळी गेलं. सोफ्याखालचं पीठ ओढता ओढता त्याने एक मोठा ढेकर दिला, जळक्या वायरचा वास सोडला आणि ते गप्प झालं. नीलम्माने पाईप खाली ठेवला, पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. गुरुराजने हातातला पेपर आणखी वर धरला.

"अहो, गेलं."

"गेलं कसं? गरम झालं असेल. दहा मिनिटं थांब."

"मागच्या दोघांना पण तुम्ही दहाच मिनिटं दिली होती. अजून उठली नाहीत."

नीलम्माचा कडक भाकरीचा धंदा घरातच होता. मागच्या पडवीत दोन शेगड्या आणि तीन बायका. सकाळी सातला ज्वारीच्या भाकरी थापायला बसायच्या त्या दुपारी उठायच्या. पीठ मात्र पडवीत बसून राहणारं नव्हतं. ते टीव्हीवर असायचं, मुलांच्या दप्तरात असायचं, गुरुराजच्या काळ्या पँटवर तर हमखास असायचं. त्यात शेंगाचटणी. दाण्यांची सालं पंख्याच्या वाऱ्यावर पार देवघरापर्यंत जायची. उरलेला पसारा करायला दोन मुलं होतीच.

गेल्या वर्षी नीलम्माला खोकला लागला. डॉक्टरांनी तपासून साफ सांगितलं, "झाडूने पीठ उडवायचं नाही. मशीनने ओढून घ्या. ते जमत नसेल तर हे काम बंद करा." काम बंद करा म्हणे! एका तव्यावर सुरू केलेल्या कामाच्या भाकरी आता पुण्यापर्यंत जात होत्या. नीलम्मा त्या दिवशी घरी येऊन देवघरासमोर बसून रडली आणि मग उठून पीठ मळायला बसली. थोडक्यात, त्या घरात टिकणारं मशीन लागत होतं आणि ते लवकर लागत होतं.

ते आणायचं काम गुरुराजकडे होतं. तो कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होता, त्यामुळे यंत्रातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा, आणि एकट्या त्याचाच, समज होता. पहिलं मशीन त्याने चारशे जणांचे अभिप्राय वाचून घेतलं. दुसरं, खोक्यावर जर्मन तंत्रज्ञान छापलं होतं म्हणून घेतलं. तिसऱ्याच्या वेळी त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता, म्हणून दुकानातलं सगळ्यात जड उचलून आणलं.

चौथ्या वेळी तो नव्या पेठेतल्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा पाच किलोचा डबा होता.

"या साहेब. काय आणलंय? चटणी?" मालकाने आशेने विचारलं.

"घरातला कचरा." गुरुराजने झाकण उघडलं. "पीठ हाय, सालं हायत, मिसेसचे केस हायत, पोरांच्या पेन्सिलींचा भुगा हाय. तुमी नुसता साबुदाणा टाकून डेमो देताय. आमचं घर साबुदाण्याचं नाही."

आणि त्याने डबा दुकानाच्या चकचकीत फरशीवर पालथा केला. मालकाने "अहो, अहो!" म्हणेपर्यंत काम झालं होतं. मिक्सर बघायला आलेल्या दोन बायका पाय उचलून स्टुलावर बसल्या. मग मालकाला इलाजच उरला नाही. त्याने एकेक मशीन काढून लावलं. पहिलं सालांवर अडलं, दुसऱ्याने केस गुंडाळून घेतले. तिसऱ्याने मात्र सगळी फरशी लख्ख केली, वर स्टुलाखाली पडलेला एका बाईंचा रुमालही ओढला.

"हेच," गुरुराज म्हणाला.

"न्या साहेब. लगेच न्या," मालक म्हणाला.

घरी काशम्माने, म्हणजे गुरुराजच्या आईने, मशीनला विभूतीची तीन बोटं ओढली. मग गुरुराजने सगळ्यांना समोर बसवून माहितीपुस्तक मोठ्याने वाचलं. "धूळपिशवी वेळोवेळी रिकामी करून धुवावी. चोवीस तास सावलीत वाळवावी. कळलं का सगळ्यांना?" तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला, आणि वाचन तिथंच संपलं.

मशीन झकास चालायला लागलं. गुरुराज दर रविवारी ते उघडून पाहायचा, तर पिशवी जवळजवळ रिकामी.

"बघ. भरतच नाही," तो अभिमानाने म्हणायचा.

"मग पीठ जातंय कुठं?" नीलम्माने एकदा विचारलं.

"दाबून बसवतंय गं. आतल्या आत दाब देतंय. फिजिक्स आहे, तुला नाही कळायचं."

अठराव्या दिवशी तोच ढेकर आणि तोच वास. या वेळी नीलम्माने पुण्याच्या दुकानदाराचा नंबर काढला आणि फोन हातात धरून बसली. "पुढच्या महिन्यापासून भाकरी नाही म्हणून सांगते. त्या तिघी बायकांना पण आजच सांगायला पाहिजे," ती म्हणाली आणि तिला जोराची ढास लागली. तीन वेळा हसण्यावारी नेलेली गोष्ट आता हसण्यातली राहिली नव्हती. "आजचा दिवस थांब," म्हणत त्याने दुकानात फोन लावला आणि मालकावर असं काही तोंडसुख घेतलं की अर्ध्या तासात मल्लेश दारात हजर झाला.

मल्लेश पन्नाशीचा मेकॅनिक. त्याने हॉलमध्ये फतकल मारली, चार स्क्रू काढले आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोट पांढरं झालं होतं.

"साहेब, मोटरीत पीठ भरलंय. पाणी घाला आन् भाकरी थापा आता."

"म्हणजे मशीनमध्येच दोष आहे!" गुरुराज गरजला.

"दोष नंतर बघू. पिशवी कुटंय?"

"आत असेल की."

"आत न्हाई. पिशवीबिगर चालवलंय तुमी. पीठ सरळ मोटरीत गेलंय."

गुरुराजने नीलम्माकडे पाहिलं, नीलम्माने मुलांकडे पाहिलं, मुलांनी ताबडतोब एकमेकांकडे बोट दाखवलं. तेवढ्यात काशम्मा मागच्या दारातून आत आली. तिच्या हातात चिमट्यासकट पिशवी होती.

"ही शोधायलाय व्हय? अजून वाळली न्हाई. उद्या देते."

"अव्वा," गुरुराजने शक्य तितक्या हळू विचारलं, "तू पिशवी काढतीस?"

"रविवार सोडून, एक दिवसाआड काढते. दुपारी तू कॉलेजात, ही पार्सल द्यायला जाती. मी पिशवी रिकामी करते, पीठ चाळते, केस बाजूला टाकते आन् पीठ गल्लीतल्या गाईला घालते. जोंधळ्याचं पीठ हाय ते, केसासंगट उकिरड्यात टाकायचं? पाप न्हाई लागत?"

"पण धुतीस कशाला?"

"तूच वाचून दाखवलास की! धुवावी, चोवीस तास सावलीत वाळवावी. मी उन्हात घातली न्हाई कदी."

"अगं पण तोवर मशीन चालवायचं नाही!"

"ते तू वाचला न्हाईस."

गुरुराजने पुस्तक आणलं, पान उलटलं. वरच्याच ओळीत ठळक छापलं होतं: पूर्ण वाळलेली पिशवी बसवल्याशिवाय मशीन चालवू नये. त्याने पुस्तक मिटलं.

"आधीच्या तिन्हींचं पण असंच?" नीलम्माने विचारलं.

"मग! त्यांच्या वेळी पण ह्यानंच वाचलं होतं," काशम्मा म्हणाली.

मल्लेशने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते ते दिसत होते. मग त्याने मोटर साफ केली, जळालेला तुकडा बदलला आणि जाताना बजावलं, "या खेपेला मालकाला कायतरी सांगून गॅरंटीत बसवतो. पुन्ना असं झालं तर मला बोलवू नका." नीलम्माने त्याला भाकरीची दोन पाकिटं बांधून दिली.

संध्याकाळी प्रश्न पुन्हा तिथंच आला. पिशवीत केसांबरोबर पीठ जाऊ द्यायला काशम्मा तयार नव्हती आणि आईला नको म्हणायची गुरुराजची छाती नव्हती. शेवटी काशम्माच म्हणाली, "पीठ मशीनकडं जायच्या आदीच मी गोळा करते की. बायकांच्या बुडाखाली जुनी चादर हातरायची. चारी टोकं धरून उचलली की झालं. उरलेलं ओल्या फडक्यानं टिपायचं. कणभर उडत न्हाई."

"अव्वा, हे वर्षभर का नाही सांगितलंत?" नीलम्मा जवळजवळ ओरडलीच.

"विचारलं कुणी? तुमी आपले मशीन, मशीन करत बसलाव."

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. महिन्यात नीलम्माचा खोकला थांबला, दिवाळीला मुंबईची ऑर्डर आली, आणखी दोन बायका कामाला लागल्या. मशीन पंधरवड्यातून एकदा, गुरुराजच्या समाधानासाठी, देवघराजवळची सालं ओढायचं. बाकी वेळ ते कोपऱ्यात खोळ घालून उभं असायचं आणि गुरुराज कॉलेजात सांगायचा, "आठ महिने झाले, एक तक्रार नाही. घ्यायचं तर हेच घ्या." त्याच्या शब्दावर सहा जणांनी घेतलं.

एके दिवशी सकाळी मल्लेश पुन्हा दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला होता.

"साहेब, तुमच्या सहाच्या सहा जणांची मशीनं दुरुस्तीला आलीत. मालक माझ्या नावानं शंख करायलेत. म्हणले, त्या भाकरीवाल्या साहेबांचं कसं टिकलं ते बघून ये."

गुरुराजने घसा साफ केला. "त्याचं असं आहे, आतला दाब..."

पण मल्लेशचं लक्ष पडवीकडे गेलं होतं. तिथं काशम्मा पाय पसरून बसली होती आणि ओल्या फडक्याने फरशी टिपत होती. पलीकडच्या चादरीवर पिठाचा स्वच्छ ढीग होता. मल्लेशने कोपऱ्यातल्या खोळीकडे पाहिलं, मग पडवीत जाऊन पुन्हा काशम्माकडे पाहिलं.

"वैनी, मालकाला काय सांगू?"

नीलम्मा परातीतून मान वर न काढता म्हणाली, "सांगा, मशीन चांगलं आहे. पण खोक्यात पाईप येतो, ब्रश येतात, सासू येत नाही. ती आपली आपण आणायची."

"पाय काढ रे बाबा," काशम्मा मल्लेशला म्हणाली. "पिठावर उभारलायस."