राजाची घंटा आणि सभेची गणपूर्ती

सत्ता नश्वर आहे, हे थोरामोठ्यांनी वारंवार सांगितले आहे. मात्र ते सांगणाऱ्यांपैकी कोणीही सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद नव्हता, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मुलुंड पूर्वेच्या ‘सागरमाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ या चौसष्ट घरांच्या इमारतीत (सागर नाही, मायाही बेताचीच) श्री. नंदकिशोर सामंत गेली बावीस वर्षे अध्यक्ष आहेत. या काळात इमारतीने दोन लिफ्ट, पाच सेक्रेटरी आणि चौदा वॉचमन पाहिले. अध्यक्ष एकच पाहिला. आवारात त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या अकरा आहेत. पंपघर, टपालपेट्या, ध्वजस्तंभ, ज्येष्ठ नागरिकांचा बाक इत्यादी सुविधांवर दहा. आणि अकरावी, पहिल्या दहा पाट्या पुसून घेण्याच्या मोहिमेच्या शुभारंभाची.

वार्षिक सभेला आठ दिवस उरले असताना तिसऱ्या मजल्यावरच्या जयंती प्रधान यांनी संस्थेच्या कार्यालयात एका इंग्रजी कवितेच्या रसग्रहणाचा कार्यक्रम ठेवला. बाईंनी एकतीस वर्षे कॉलेजात कविता शिकवली होती. त्यांचा नेम स्पष्ट होता, आणि तो सामंतांच्या खुर्चीवर होता.

कविता दोनशे वर्षांपूर्वीची. एक राजा डोंगरावर प्रचंड घंटा बसवतो. ती वाजली की सात खोऱ्यांतल्या माणसांनी हातातले काम टाकून वाकायचे, असा हुकूम. पुढे राजा जातो, राज्य जाते, घंटा उलटी पडते. तिच्यात पावसाचे पाणी साचते आणि शेळ्या येऊन ते पितात. बस, एवढेच.

उपस्थिती अकरा होती. (पैकी सात बटाटेवड्यांसाठी, दोन गळतीची तक्रार घेऊन, एक चुकून.) चर्चा मात्र अत्यंत अभ्यासपूर्ण झाली.

“घंटेचं वार्षिक देखभालीचं कंत्राट कुणाकडे होतं?” विशालने मूळ प्रश्नाला हात घातला.

“आणि शेळ्या आत आल्याच कशा?” कुंदाताई म्हणाल्या. “वॉचमन काय झोपला होता?”

राजेशला डोंगर सामाईक जागेत मोडतो की नाही, हे आधी ठरवायचे होते. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पालिकेची नोटीस अध्यक्षाच्या नावाने येते, याकडे चैतन्यने लक्ष वेधले.

“अरे, रूपक आहे रे ते,” जयंतीबाई म्हणाल्या.

इतिवृत्तात पुढीलप्रमाणे नोंद आहे: ‘सदर घंटा हे रूपक असल्याचे श्रीमती प्रधान यांनी सांगितले. सभेने त्याची नोंद घेतली. तथापि रूपकाचीही वेळच्या वेळी देखभाल व्हावी, असे ठरले.’

नंदकिशोर सामंतांनी आपला वडा अर्धाच ठेवला. ते उठून बाहेर आले, तर ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर, नेमके त्यांच्या नावाला पोट टेकून, एक मांजर झोपले होते. त्यांनी त्याला हाकलले नाही. बावीस वर्षांत असे पहिल्यांदा घडत होते.

कवितेचा अर्थ लागण्यासाठी साहित्याचे शिक्षण लागते, हा गैरसमज आहे. एकाहत्तर वर्षांचा दुखरा गुडघा पुरतो. सामंतांची देवगडला आंब्याची अठरा कलमे होती. त्यांचा मोहोर त्यांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता, कारण मोहोर जानेवारीत येतो आणि पाण्याची टाकी धुण्याचे कामही जानेवारीतच निघते. टाकी धुवायला माणसे येतात, तेव्हा झाकणाची किल्ली कुठे आहे, हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक असते. (सत्तेची व्याख्या करणाऱ्या ग्रंथांत या किल्लीचा उल्लेख आढळत नाही.)

त्यांनी टेबलाशी बसून राजीनामा लिहिला. लिहिताना त्यांना मोहोराचा वास आला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण शिंक आली.

“राजीनामो लिवलात, बरा केलात,” त्यांच्या पत्नी प्रेमाकाकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. “पण तो घेवक कोण येतलो?”

सभा रविवारी सकाळी अकराला होती. गणपूर्तीला वीस सभासद लागतात, आले नऊ. उपविधींनुसार अशी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेता येते आणि मग गणपूर्तीची अट उरत नाही. ही तरतूद करणाऱ्या अज्ञात सज्जनाला मनुष्यस्वभावाचे जे ज्ञान होते, ते कवींना क्वचितच असते. अर्ध्या तासानंतर नऊचे सात झाले.

सामंत उभे राहिले. घंटा, खोरी, शेळ्या, सगळे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले आणि शेवटी म्हणाले, “मला आता मोकळं करा. जानेवारीत गावी जायचंय.”

सभा हेलावली. कुंदाताईंनी डोळे टिपले. कवितेचा इतका खोल परिणाम आपल्या एकाही विद्यार्थ्यावर झाला नव्हता, हे जयंतीबाईंना मान्य करावे लागले. मग अध्यक्षपदासाठी नवी नावे मागवण्यात आली आणि सभेत एवढी शांतता पसरली, की पंप सुरू असल्याचे सर्वांना कळले.

“माझं वर्क फ्रॉम होम आहे ना,” विशाल म्हणाला. “घरी वेळच नसतो.”

राजेश ठाण्याला राहायला जाणार होता. (अकरा वर्षांपासून जाणार आहे.) चैतन्यचा फ्लॅट आईच्या नावावर होता आणि आईला खोकला होता.

“मॅडम, तुम्ही घ्या,” सामंत जयंतीबाईंना म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की बाईंना खाली पाहावे लागले. “कविता तुम्हीच आणलीत.”

“अहो, मी शिकवते हो फक्त,” बाई म्हणाल्या. “मला पंपातलं काय कळतं?”

आणि मग मुलुंडच्या काव्यविषयक इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट घडली. अध्यक्षपदासाठी श्री. नंदकिशोर सामंत यांचे नाव श्रीमती जयंती प्रधान यांनीच सुचवले. कुंदाताईंनी डोळे टिपता टिपता अनुमोदन दिले. राजीनामा एकमताने, साभार फेटाळण्यात आला. रसग्रहणाच्या यशाबद्दल बारावी पाटी बसवण्याचाही ठराव झाला. मजकूर: ‘सत्ता नश्वर आहे. शुभहस्ते : अध्यक्ष नंदकिशोर सामंत.’

विश्लेषकांनी आजवर राजाच्या पतनाची कारणे अहंकार, काळ आणि क्रौर्य अशी दिली आहेत. ती चुकीची आहेत. राजा गेला, कारण त्याच्या जागी बसायला कुणीतरी तयार होते.

सामंत सभेहून परतले, तेव्हा बाकावर मांजर होते. ते मांजराच्या शेजारी, उरलेल्या जागेत बसले. खिशात टाकीची किल्ली गुडघ्याजवळ टोचत होती. संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदनाचे संदेश येत होते. ठरावाच्या वेळी सभेत नसलेल्या सत्तावन्न सभासदांपैकी सत्तावन्न जणांनी आपला आनंद व्यक्त केला होता. सामंतांनी प्रत्येकाचे नाव वाचले. तुमचेही वाचले.

रविवारी अकराला तुम्ही कुठे होता, हे त्यांनी तुम्हाला विचारलेले नाही आणि विचारणारही नाहीत. सभेला निघताना त्यांनी एकदा वर पाहिले होते. तुमच्या खिडकीचा पडदा तेव्हा नुकताच ओढला जात होता.