निळ्या कागदावरची भुकटी

बार्कर साहेबाने टेबलावर सतरा निळ्या पुड्या ओळीने मांडल्या आणि सूर्यभानला समोर उभे केले, तेव्हा सूर्यभानला वाटले की आता आपली बढती होणार. तसे वाटायला कारणही होते. अमरावतीच्या बाजारात रुईची पारख करावी ती सूर्यभाननेच. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून तो ओढी, तिचा धागा डोळ्यांसमोर धरी, एकदा हुंगे, आणि ही कोणत्या गावची, किती ओली, आत सरकी किती राहिली, हे जागच्या जागी सांगून टाकी. मग तिचा नमुना निळ्या कागदात बांधून साहेबाकडे पाठवी. निळ्यावर पांढरे खुलून दिसते, म्हणून साहेबाच्या रुई-खरेदीच्या कंपनीने मुद्दाम तसा कागद ठरवला होता.

त्या साली तिकडे अमेरिकेत कुणाची तरी कुणाशी लढाई जुंपली होती आणि तिकडची रुई विलायतेला जायची बंद झाल्यामुळे वऱ्हाडातल्या रुईला कधी नव्हे ते दिवस आले होते. लढाईचे कारण सूर्यभानला ठाऊक नव्हते, पण ती आणखी काही वर्षे चालावी असे अमरावतीतल्या सगळ्यांप्रमाणे त्यालाही मनापासून वाटे.

"सूर्यभान, ये क्या है?" साहेबाने एक पुडी उलगडली, आतली रुई बाजूला ठेवली आणि कागद झटकला. टेबलावर पांढरी भुकटी पडली. दुसरी पुडी झटकली, तीच भुकटी. सतराच्या सतरा पुड्यांत तेच. "तुमारे बाजार में कोई चोर सफेद मिट्टी मिलाता है. पीला रुई को गोरा करता है."

सूर्यभानने भुकटीकडे पाहिले, मग नकळत आपल्या बोटांकडे पाहिले. ती माती नव्हती. तो साहेबाचाच खडू होता.

झाले होते असे. मागच्या दिवाळीत साहेबाने मुंबईहून बिलियर्डचे मेज मागवले होते. रेल्वे अजून अकोल्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती, त्यामुळे मेजाच्या काळ्या दगडी लाद्या बैलगाड्यांतून आल्या, आणि साहेब स्वतःचे थडगे आधीच बांधून ठेवतो आहे अशी गावभर बोलवा झाली. लाद्यांवर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चढली, वर तीन हस्तिदंती चेंडू आले, दोन पांढरे आणि एक लाल. खेळायला दुसरा साहेब काही आला नाही. बार्कर साहेब एकटाच काठी घेऊन मेजाभोवती फिरे, एकदा या बाजूने खेळे, एकदा त्या बाजूने, आणि दोन्ही बाजूंनी वाईट खेळे. आणि सोमवार ते गुरुवार तर तो खरेदीसाठी अकोल्यालाच असे.

अशाच एका सोमवारी सूर्यभान नमुने ठेवायला रिकाम्या बंगल्यात गेला होता. जानराव शिपाई बाजूला उभा होता. सूर्यभानने सहज काठी उचलली आणि सहज लाल चेंडू मेजाच्या कोपऱ्यातल्या जाळीत घातला. तो चेंडू जाळीत पडल्याचा आवाज त्याच्या कानांतून पुढे कधीच गेला नाही. तेव्हापासून बाजारात दुपारी बैल सुटले, की "पुड्या बांधून येतो" असे सांगून तो बंगल्याकडे धूम ठोकी, दोन डाव खेळे आणि मेजाच्या कडेलाच बसून घाईघाईने पुड्या बांधी. जानराव गुण मोजी आणि फाटकावर लक्ष ठेवी. काठीच्या टोकाला खडू लावावा लागे, तो बोटांना लागे, बोटांचा रुईला लागे. रुई पांढरी, खडू पांढरा, कोणाला काय दिसणार? पण पुडीतून टपालाच्या टांग्याने हादरत हादरत अकोल्याला जाईपर्यंत तो खाली कागदावर उतरे. घरीही निराळे नव्हते. जेवताना तो लाटण्याच्या टोकाने लिंबू ढकलून पाण्याच्या तांब्यावर आपटी आणि त्याची बायको मैनाबाई हे कोणत्या देवाचे व्रत म्हणून काही दिवस गप्प राहिली होती.

"चोर कौन, मैं जानता," साहेब म्हणाला. एका पुडीतून चमचाभर भुकटी निघाली होती, ती त्याने पुढे सरकवली. "सब से जादा इस में. नाम पढो."

सूर्यभानला ती पुडी आठवली. त्या दुपारी तो आयुष्यातला सगळ्यात सुंदर डाव खेळला होता आणि खडू लावताना त्याने हात आखडता घेतला नव्हता. पुडीवर त्याच्याच अक्षरात नाव होते : किसनराव, चांदूर बाजार. किसनराव म्हणजे मैनाबाईचे वडील, त्याचे सख्खे सासरे.

"शुक्रवार को उस का बारा गाडी आयेगा," साहेब म्हणाला. "सब के सामने जलाएगा. और तुम मशाल पकडेगा. तुम एकच ईमानदार आदमी है."

सूर्यभानने कबुली द्यायला तोंड उघडले. पण कबूल करायचे म्हणजे पारख्याची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर बंगला गेला, मेज गेले, लाल चेंडू गेला. यातले आपल्याला जास्त कशाचे दुःख होते आहे हे त्याच्या लक्षात आले आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने तोंड मिटले.

चोराचा निकाल लागेपर्यंत साहेब त्या आठवड्यात अकोल्याला जाणार नव्हता. मग सुरू झाली ती नुसती धडपड. आधी तो म्हणाला, कागदच खराब असेल. साहेबाने कागदवाल्या रामरावला बोलावले. त्याने दोन दस्ते उलटेसुलटे झटकून दाखवले, त्यातून धुळीचा कण पडला नाही, आणि जाताना रामराव सूर्यभानला बाजूला घेऊन म्हणाला, "काहून माह्या पोटावर पाय देऊन राहिले भाऊ? मी तुमचं काय घोडं मारलं?" मग सूर्यभान म्हणाला, पुड्या ठेवतात त्या कोठीच्या भिंतीचा चुना झडत असेल. साहेब स्वतः कोठीत गेला. भिंती शेणामातीने सारवलेल्या होत्या. साहेबाचा राग वाढला आणि सूर्यभानवरचा विश्वासही वाढला, कारण इतक्या कळकळीने चौकशी करणारा नोकर त्याने पाहिला नव्हता.

शेवटी सूर्यभानने चांदूर बाजारला माणूस धाडला. निरोप एवढाच : या आठवड्यात रुई आणू नका, कारण विचारू नका.

किसनराव वऱ्हाडातले जुने शेतकरी. कारण विचारू नका म्हटल्यावर त्यांनी कारण स्वतःच शोधून काढले. भाव उतरणार असल्याची बातमी जावयाला आतून लागली असणार, आणि आपण थांबलो तर जावई आधी स्वतःच्या भावाबंदांची रुई खपवणार. त्यांनी रातोरात सगळ्या नातेवाइकांची रुई गोळा केली आणि शुक्रवारच्या ऐवजी गुरुवारी सकाळी, बाराच्या ऐवजी अठरा गाड्या घेऊन ते अमरावतीच्या बाजारात दाखल झाले.

"मामाजी, मी तं येऊ नका म्हणून सांगतलं होतं," सूर्यभान रडवेल्या आवाजात म्हणाला.

"म्हणूनच आलो जवाईबापू," किसनराव मिशीत हसले. "आमाले काय समजत नाई का?"

ते हसू फार टिकले नाही. साहेब घोड्यावरून आला, अठरा गाड्यांभोवती शिपाई उभे राहिले, कडब्याच्या पेंढ्या आणून टाकल्या. बाजार थांबला. साहेबाने ती पुडी उघडून सगळ्यांना भुकटी दाखवली आणि चोर म्हणून किसनरावांकडे बोट केले.

किसनरावांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ते गाडीपाशी गेले, मूठभर रुई काढली आणि हातावर झटकली. तळहात कोरडा, काळा, स्वच्छ. "माह्या घरच्या बायांनी रेच्यावर बसून सरकी काढली हे," ते म्हणाले. "चार महिने बसल्या. आन् मी त्याच्यात माती घालीन?" गर्दीतले दोन ओळखीचे लोक नजर चुकवून मागे सरकले, ते किसनरावांनी पाहिले. मग ते जावयाकडे वळले. "पारखी तुमी आहा. तुमीच सांगा सायबाले. तुमचा शब्द सारे मानतात."

सूर्यभानच्या हातात मशाल होती. त्याने ती पाण्याच्या डोणीत बुडवली. तिचा चर्र आवाज झाला आणि त्या आवाजाबरोबर त्याला आपली नोकरी, बंगला आणि हिरवी बनात डोळ्यांसमोर विझताना दिसली.

"साहेब, ही भुकटी माही आहे. मी तुमच्या मेजावर खेळतो. तुम्ही अकोल्याला असता तेव्हा, दुपारी. तो खडू आहे."

हा किसनरावांचा जावई आहे असे एका शिपायाने साहेबाच्या कानात सांगितले, तसा साहेब मोठ्याने हसला. "झूठ. ससुर को बचाता है. तुम बिलियर्ड खेलता? तुम?"

"खेळतो जी."

"खेल के दिखाओ. नहीं आया, तो गाडी जलेगा."

सगळी वरात बंगल्यावर गेली. किसनराव, रामराव आणि निम्मा बाजार व्हरांड्यात खिडक्यांना नाके लावून उभा राहिला. जानरावचा चेहरा पांढराफटक पडला होता. सूर्यभानने काठी उचलली आणि जगात कोणावर आली नसेल अशी पाळी त्याच्यावर आली. आजवर चोरी पकडली जाऊ नये म्हणून तो जपत आला होता, आज चोरी शाबीत व्हावी म्हणून त्याला खेळायचे होते. पहिला फटका नुसताच बनातीवरून घसरला. दुसऱ्याला चेंडू मेजावरून उडाला आणि साहेबाच्या नडगीला लागला.

"देखा?" नडगी चोळत साहेब म्हणाला आणि शिपायांकडे वळला.

"ह्या काय गोट्याच्या खेळावर माही अब्रू ठेवली तुमी?" खिडकीतून किसनराव म्हणाले.

"एक डाव, साहेब. एकच," सूर्यभान म्हणाला. त्याने सवयीने खडू उचलला, काठीच्या टोकावर सावकाश फिरवला, आणि फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. लाल चेंडू दूरच्या कोपऱ्याशी उभा होता. तो कसा जाईल ते त्याला दिसले. तो वाकला. चेंडू जाळीत पडला. जानरावने तो काढून पुन्हा जागेवर ठेवला. पुन्हा पडला. त्यानंतर सूर्यभानला सासरे दिसेनात, साहेब दिसेना, अठरा गाड्या दिसेनात. तो मेजाभोवती फिरत राहिला आणि चेंडू त्याचे ऐकत राहिले. जानराव सवयीने मोठ्याने गुण मोजत होता. एकेचाळिसाला पोचल्यावर आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली.

साहेबाने एक कोरा निळा कागद पुढे केला. सूर्यभानने त्यावर बोटे झटकली. तीच भुकटी पडली.

"गाडी छोड दो," साहेब म्हणाला. मग त्याने लाल चेंडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला. दोन वर्षे अमरावतीत एकट्याने जेवलेला, एकट्याने खेळलेला माणूस होता तो. "कल से तुम बाजार नहीं जाएगा. रुई को हात नहीं लगाएगा. सुबह दस बजे इधर आएगा. पाच बजे तक मेरे साथ खेलेगा. पगार वोही."

सूर्यभानला वाटले आपण बहुतेक मेलो आणि हा स्वर्ग आहे. तो साहेबाच्या पाया पडला. बाहेर येऊन सासऱ्यांच्या पाया पडला. किसनराव त्याच्याकडे पाहत म्हणाले, "रुई वाचली, अब्रू वाचली, सारं बरं झालं. पण गावात इचारलं, जवाई काय करते, तं मी काय सांगू? सायबाच्या घरी गोट्या खेळते म्हणू?" आणि ते गाड्या घेऊन निघून गेले, जावयाकडचे गूळपाणीही न घेता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सूर्यभान धुतलेले धोतर नेसून बंगल्यावर हजर झाला आणि साडेदहापर्यंत त्याने साहेबाला दोनदा हरवले. साहेब जेवला नाही. खानसाम्याच्या अंगावर ताट भिरकावले. दुपारी तिसऱ्यांदा हरल्यावर त्याने माळ्याला कामावरून काढले. संध्याकाळी जानरावने सूर्यभानला फाटकाशी गाठले.

"भाऊ, तुमाले हरा लागते."

"हरू? मी?"

"रोज. आन् सायबाले समजलं नाई पायजे. उद्या माह्या नोकरीची पाळी आहे."

तेव्हापासून सूर्यभान हरू लागला. वाईट खेळणे सोपे असेल असे त्याला वाटले होते, पण ते फार कठीण निघाले. जाळीच्या तोंडाशी उभा असलेला लाल चेंडू, नुसती फुंकर मारली तरी पडेल असा, आणि तो मुद्दाम बोटभर अंतराने चुकवायचा. चुकवताना चेहरा उतरलेला दिसला पाहिजे. साहेबाने दिवसाकाठी एखादा बरा फटका मारला की वाहवा म्हणायचे. दहा ते पाच, आठवड्याचे सहा दिवस. अकोल्याची खरेदी साहेबाने दुसऱ्यावर सोपवली होती, त्यामुळे आता सोमवारही उरला नव्हता.

एका संध्याकाळी तो घरी आला आणि पगडीसुद्धा न काढता भिंतीला टेकून बसून राहिला. मैनाबाईने भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहिले आणि तिचा हात थांबला.

"काय झालं जी? जिंकले तं नाई ना?"

"नाई. एकदा चेंडू आपल्या आपण जाळीत चालला होता. पोटानं मेज हलवून थांबवला."

मैनाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि भाकरी तव्यावर टाकली.

"जपून करत जा," ती म्हणाली. "लेकरंबाळं आहेत आपल्याले."