तळहातावरचे मानकरी

आमच्या घरात एक नियम आहे: गेमच्या पडद्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला लहान करायचं नाही. का, असं विचारायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग आहे.

माझे थोरले काका, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, आमच्या घरच्या कम्प्युटर गेममध्ये जीवाची पट्टी आहेत. आत्या नकाशा आहे. धाकटे बापूकाका थैली आहेत. आजोबांनी गेम बनवला तेव्हाच कोणी कुठे बसायचं ते ठरवून दिलं. गावच्या जत्रेत पालखीपुढे चालायचा मान ज्याच्या त्याच्या घराण्याकडे असतो, तसा पडद्याच्या कडांचा आणि कोपऱ्यांचा मान आमच्याकडे. वरची अख्खी कड तात्यांची. तिच्याखालचा उजवा कोपरा आत्याचा, कारण ती माहेरवाशीण. खालचा उजवा कोपरा बापूकाकांचा. त्यांना खरं तर वर बसायचं होतं, पण ते पडले धाकटे. ती खंत ते आकाराने भरून काढतात. खालचा डावा कोपरा कुलदैवतासाठी मोकळा आहे. दैवत अजून आलेलं नाही.

माझे बाबा गेमचं संगीत आहेत. हल्ली लोक आवाज बंद करून खेळतात, त्यामुळे बाबांचं कशाबद्दल काय मत आहे ते कोणालाच माहीत नाही. आई विराम आहे. दोन उभ्या रेघा. गेम थांबवायचा असेल तर तिला दाबायचं. ती सून म्हणून आली तेव्हा कडा-कोपरे वाटून झाले होते, म्हणून तिला तात्यांच्या पट्टीच्या टोकाखाली जी फट उरली होती ती दिली. आईने ती सारवून घेतली.

पडद्याच्या मधोमध माझी धाकटी बहीण चारू चालते. गेमचं नाव 'घाटवाट'. शेळीला दोरीने धरून घाट चढायचा, दरीत पडायचं नाही, वरच्या वाडीत पोचायचं. हे काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे असतं. आधी माझ्याकडे होतं. मग चारू चालायला लागली, आणि मी कॉलेजात जाऊन चित्रं लहानमोठी करायचं शास्त्र शिकून आले. घरच्यांना वाटलं, पोरगी कामाला येईल.

जुन्या कम्प्युटरवर सगळं बरं चाललं होतं. पडदा खिडकीएवढा. मानकरी आपापल्या जागी, आणि मधल्या मोकळ्या घाटात चारू, शेळी, करवंदाच्या जाळ्या, ढग. मग लोकांनी तसे कम्प्युटर घेणं सोडलं आणि आमच्या घरी बैठक होऊन गेम मोबाइलवर न्यायचं ठरलं. बैठकीत मी पडद्याच्या आकाराचा मुद्दा काढला. तात्या म्हणाले, "आधी जाऊ तर दे. जागा होते."

जागा झाली नाही. मानकरी जसे होते तसे मोबाइलवर उतरले. तात्यांनी वरचा तिसरा हिस्सा घेतला. आत्याचा नकाशा त्यांच्या खालून बापूकाकांच्या डोक्याला टेकला. बापूकाका एका बाजूने पडद्याबाहेर जात होते, पण पोट आतच राहिलं. कुलदैवताचा कोपरा जसाच्या तसा मोकळा. मधे जी चिंचोळी पट्टी उरली तीत चारू घाट चढत होती.

माणसाला लहान करणं अवघड नसतं. त्याचा एक कोपरा धरायचा आणि तिरकं आत ढकलायचं. सरळ ढकललं तर माणूस आडवा पसरतो. दुखत नाही. परीक्षेच्या दिवसांत एसटीत जागा नव्हती तेव्हा मी स्वतःला करून पाहिलं आहे. मिरजेला उतरल्यावर पुन्हा मोठी झाले, तिकीट मात्र पूर्ण पडलं.

पण नियम तो नियम. म्हणून मी नियमाच्या आत राहून उपाय शोधले. पहिला उपाय म्हणजे तात्यांना अर्धपारदर्शक करणं. आकार तोच, फक्त मागचा घाट दिसेल. तात्यांनी स्वतःकडे एकदा पाहिलं.

"माझ्या आरपार झाडं दिसताहेत."

"तेच तर हवंय, तात्या."

"मी जिवंत आहे ना अजून? का तेराव्याची तयारी चाललीय?"

ते पुन्हा घट्ट झाले. मग मी आत्याला सुचवलं की तिने घडी होऊन बाजूला बसावं, आणि वाट चुकली की उलगडावं.

"म्हणजे गरज लागली की हाक मारणार," आत्या म्हणाली. "मी काय शेजारीण आहे, वाटीभर साखरेला?"

त्यातून आत्याला मोबाइलचा वेगळाच त्रास होता. जुन्या कम्प्युटरवर लोक लांब बसून माऊस हलवायचे. इथे परक्या माणसाचा अंगठा सरळ तोंडावर येतो. "काल चाचणीला बोलावलेल्या एकाचं बोट भज्यांच्या तेलाचं होतं," ती सांगत होती. "हात पुसायचे संस्कारच नाहीत. आणि मी कुठे होते? कोकणकड्याच्या वळणावर. अख्खं वळण तेलकट." नकाशात ते वळण अजून पुसट आहे. तसाही आत्याचा नकाशा आजोबांच्या काळचा. जिथे पूल वाहून गेला तिथे ती अजून पूल दाखवते, कारण तिच्या आठवणीत तो आहे.

खरी अडचण तात्यांची होती. चारू पडली, खरचटली की जीवाची पट्टी आखूड व्हायला हवी, म्हणजे खेळणाऱ्याला कळतं की आता जपून. पण आखूड होणं म्हणजे लहान होणंच, आणि लहान व्हायचं नाही हा नियम. तेव्हा तात्या कायम भरलेले असतात. चारू दरीत पडून लंगडत वर येते, आणि वर तात्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लालबुंद, तृप्त. पाहणाऱ्याला वाटतं, पोर काय ठणठणीत आहे.

खरा आकडा आईला कळतो. ती तात्यांच्या टोकाशी बसते, तिला पट्टीची मागची बाजू दिसते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तात्यांनी पुन्हा बैठक बोलावली. मानकरी पडद्यावरून उतरत नाहीत, उतरलं की जागा जाते अशी भीती, त्यामुळे मी मोबाइल जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून समोर बसले. आत चारू शेवटच्या खिंडीजवळ आली होती. बैठक असली तरी गेम थांबत नाही, कारण वडील बोलत असताना सुनेने मधे पडायचं नाही.

मी चारूला हाक मारली. तिने मान वर केली. ती इतकी बारीक दिसत होती की मला बरणी सरकवून जवळ वाकावं लागलं.

"कशी आहेस?"

"शेळी ओढतेय," ती म्हणाली. "पुढे कडा आहे का गं? मला बापूकाकांचं पोटच दिसतंय."

"डावीकडून चाल."

"डावीकडे दैवताची जागा आहे. तिथे पाय ठेवला तर आत्या ओरडते."

"ओरडणारच," आत्या वरून म्हणाली. "चपला आहेत तुझ्या पायात."

तेवढ्यात आईने, ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं सांगितलं, "निशू, शेवटचा जीव आहे तिचा. यापुढे पडली तर परत येत नाही."

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या भरलेले होते.

"तात्या, चारूचा शेवटचा जीव उरलाय."

"कोण म्हणतं? मी इथे बसलोय ना ढळढळीत!"

"म्हणून तर कळत नाहीये. तात्या, थोडं लहान व्हा. बोटभर. बापूकाका, तुम्ही पण. नुसतं पोट आत घेतलंत तरी तिला कडा दिसेल."

"माझ्यात तिचीच जादाची दोरी आहे, तिचीच भाकरी आहे," बापूकाका दुखावले. "एवढं सामान वाहायचं आणि वर पोट काढायचं माझं?"

"दोरी बाहेर तरी काढून द्या मग."

"नीट मागितली तर देईन. तिने अंगठ्याने टोचून मागितली."

"तो तिचा अंगठा नव्हता, काका. खेळणाऱ्याचा होता."

"कोणाचाही असो. टोचला मला."

तात्यांनी घसा खाकरला. त्यांनी घसा खाकरला की पट्टी थोडी चमकते आणि बैठकीत शांतता होते. "हे बघ निशिगंधा, तू शिकलीस, आम्हाला कौतुक आहे. पण शिकलेल्या माणसाने मार्ग काढायचा असतो, वडिलांच्या आकाराला हात घालायचा नसतो. आम्ही तिघांनी विचार केलाय. पडदा लहान झालाय, मान्य. कोणीतरी लहान व्हायला हवं, तेही मान्य."

मला क्षणभर खरंच वाटलं की हा माणूस बदलला.

"तर चारूला लहान कर," तात्या म्हणाले.

"नाहीतरी ती लहानच आहे," आत्या म्हणाली. "तिला काही वाटायचं नाही."

"आणि लहान झाली की तिच्याभोवती जागा आपोआप वाढते," बापूकाका म्हणाले. हे गणित त्यांनी स्वतः केलं असावं, कारण ते खूश दिसत होते.

"तात्या, तुमच्याच सांगण्यावरून दोनदा केलंय तिला लहान," मी म्हणाले. "आधी ती शेळीहून उंच होती. मग शेळीएवढी झाली. आता शेळी तिला ओढते. याच्यापुढे ढकललं तर ती ठिपका होईल. ठिपक्याला हात नसतात. दोरी कशाने धरेल? आणि खिंडीत वारा आहे."

"वारा मी नकाशात दाखवत नाही," आत्या म्हणाली, "म्हणजे नसेल."

"ठिपका तर ठिपका," तात्या म्हणाले. "घरासाठी माणसाने थोडं सोसावं. मी नाही सोसलं? आरपार दिसायला लागलो होतो मी! चल, धर तिचा कोपरा. संध्याकाळपर्यंत गेम लोकांच्या हातात जायला हवा."

चारू सगळं ऐकत होती. तिने दोरी मनगटाला एकदा गुंडाळून घेतली आणि ओठ चावत उभी राहिली. अशी ती इंजेक्शनच्या रांगेत उभी राहायची.

मी मोबाइलजवळचा हात मागे घेतला.

"नाही," मी म्हणाले. "मी तिला लहान करणार नाही. आज नाही, संध्याकाळी नाही, कोणाच्याही मानासाठी नाही. गेम गेला खड्ड्यात."

मग सगळे एकदम बोलले. आत्या म्हणाली, कॉलेजात पाठवलं तेव्हाच मी सांगत होते. बापूकाका म्हणाले, वहिनींचे लाड नडले. तात्यांच्या पट्टीला कडेने उकळी फुटली आणि त्यांनी सुरुवात केली, "आमच्या काळी वडिलांपुढे..." त्या आवाजाने शेळी बुजली. तिने हिसका दिला. दोरी ताठ झाली आणि चारू, बापूकाकांच्या पोटामागे जिथे काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं, तिकडे फरफटली.

"निशू," आई म्हणाली. या वेळी तिने ओठ हलवले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दाब मला."

मी दाबायला गेले तर बोट तात्यांवर पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तात्या. त्या रेघा इतक्या बारीक होत्या की शेवटी मी केसातली पिन काढली आणि तिच्या टोकाने आईला दाबलं.

गेम थांबला.

विरामात मानकऱ्यांना ऐकू येतं, बोलता येत नाही. आईला येतं, कारण विराम तीच. ही सोय आजोबांनी मुद्दाम ठेवली की चुकून राहिली, ते माहीत नाही. बैठकीत आजवर ती कोणी वापरली नव्हती. तात्यांचं तोंड 'सं'वर उघडं राहिलं. पुढे 'स्कार' येणार होतं. आत्याचं बोट वर होतं. बापूकाकांनी नेमका श्वास आत घेतला होता, त्यामुळे पोट थोडं आत गेलं होतं, आणि तिथे पहिल्यांदाच कड्याची धार दिसली. धारेवर चारूची एक टाच होती. दुसरा पाय हवेत होता.

"ती लहान होणार नाही," मी पुन्हा म्हणाले, कारण आता ऐकायला सगळे होते. "तुम्ही आत सरकाल तेव्हा गेम पुढे जाईल. नाही सरकलात तर नाही जाणार. मला घाई नाही."



आईने आजूबाजूला पाहिलं. तिच्या जागेवरून तिला एरवी फक्त तात्यांची मागची बाजू दिसते.

"मला जरा मोठं कर," ती म्हणाली. "बोटाला सापडत नाही मी. दर वेळी पिन कुठे शोधणार?"

नियमात मोठं करण्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. मी आईचा कोपरा धरला आणि तिरकं बाहेर ओढायला लागले. आई आधी तात्यांच्या टोकाला टेकली. मग तात्यांना सरकावं लागलं. मग आत्याला, मग बापूकाकांच्या पोटाला. आणि मी हात थांबवला नाही, तरी तिघांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही.