व्हाइट वाइन वाईट का लागली?

"लिही," आमचे हे म्हणाले. "ज्याच्या नजरेतून धुळीचा कणही सुटत नाही आणि ज्याने आजवर एकही प्रकरण अर्धवट सोडलं नाही, असा हा गुप्तहेर..."

मी लिहिलं. यांचं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावायची आणि उरलेल्या वेळात गुप्तहेरी करायची. प्रकरण अर्धवट सोडलं नाही हे मात्र खरं. आजवरच्या तिन्ही प्रकरणांत हरवलेली वस्तू कंटाळून आपली आपणच सापडली. मी यांची सहायक, म्हणजे बायको.

चौथं प्रकरण शुक्रवारी सकाळी माझ्या ताईच्या फोनवरून आलं. ताई आणि भाऊजींची आठ टेबलांची खाणावळ आहे. वीस वर्षांत दोघांमध्ये एकच करार झाला: तिने पातेल्यात डोकावायचं नाही आणि त्यांनी गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडायचं नाही. अलीकडे आठांतली पाच टेबलं रिकामी राहत होती. शनिवारी दुपारी वाइनचे एक बडे व्यापारी चव बघायला येणार होते. जेवणाबरोबर वाइन चाखण्याची बैठक ते दर महिन्याला भरवत, आणि त्यासाठी जागा शोधत होते.

"गुरुवारी माशाबरोबर पांढरी वाइन काय सुरेख लागली," ताई म्हणाली. "आज त्याच पेटीतली बाटली, तोच मासा, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. व्हाइट वाईट लागतेय आणि लाल तर त्याहून. मी म्हटलं, तुमच्या सॉसचंच काहीतरी बिघडलंय. तर यांनी एप्रन खुंटीला टांगला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. उद्या चूल पेटवणार नाही म्हणतात."

आम्ही लगेच निघालो.

खाणावळीत पोचल्यावर आमच्या यांनी भिंग काढलं आणि आधी बाटल्या तपासल्या, मग बुचं, मग टेबलाचे पाय. "आता पुरावा चाखतो," म्हणाले. ताईने समोर एक भांडं ठेवलं. वाइन तोंडात घोळवून त्यात थुंकायची असते, हे तिने सांगितलं.

"पुरावा थुंकायचा नसतो," हे म्हणाले आणि ग्लास रिकामा केला.

पहिल्या ग्लासनंतर निष्कर्ष निघाला की लेबलं तीच ठेवून वाइन बदलली आहे. दुसऱ्या ग्लासनंतर संशय समोरच्या बेकरीवर गेला.

"पुठ्ठ्याची चव म्हणजे पुठ्ठा. या रस्त्यावर पुठ्ठ्याचे खोके कोण वापरतं?"

"सगळेच," मी म्हटलं.

हे बेकरीत जाऊन कसून चौकशी करून आले. काखेत एक गरम पाव होता. बेकरीवाला निर्दोष आहे, असं पाव खाताना ठरलं.

तिसरा ग्लास लाल वाइनचा होता. तो हातात घेऊनच हे मागच्या पायरीवर गेले. "साडू, गुन्हेगार नेहमी घटनास्थळापासून लांब जाऊन बसतो."

"मी चार पावलांवर बसलोय," भाऊजी म्हणाले. "आणि तो ग्लास धर नीट, माझ्या पायावर सांडतोय."

मी भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. राग केव्हाच ओसरला होता. नुसतं दुखावलेलं माणूस बसतं तसे ते बसले होते.

आत भांडी घासणाऱ्या मावशी ग्लास न्यायला आल्या.

"हात लावू नका," हे आत येत म्हणाले. "पुरावा आहे."

"हा तर कोराच दिसतोय." मावशींनी टेबलावरचा एक ग्लास उचलून नाकाशी धरला. "यात काय घातलं होतं?"

"काहीच नाही. तो वापरलाच नाही."

"मग याला वास कसला येतोय?"

आम्ही सगळ्यांनी एकेक ग्लास हुंगला. माळ्यावरच्या जुन्या खोक्यात डोकं घातल्यासारखं वाटलं. ताई मटकन खुर्चीत बसली. गुरुवारी तिने आणि भाऊजींनी पाण्याच्या साध्या पेल्यांतून वाइन प्यायली होती. आज सकाळी तिने खास लांब दांड्यांचे नवे ग्लास पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढले, फडक्याने चकचकीत पुसले आणि मांडले.

"नवेच होते," ती म्हणाली.

"नवे म्हणजे धुतलेले नव्हेत," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे आलेच नाहीत ते. आणि साहेब, तुमचा तर काचेचाच धंदा."

"मी काचेतून बघतो," हे म्हणाले. "काचेत नाक घालणं माझ्या कामात बसत नाही."

मावशींनी चोवीसही ग्लास गरम पाण्यातून काढले. ते वाळल्यावर ताईने एकात पांढरी वाइन ओतली, घोट घेतला आणि तोच ग्लास नि माशाची बशी घेऊन मागच्या पायरीवर गेली. मी दाराआड उभी राहिले. सहायकाला तेवढा हक्क असतो.

"सॉस बरोबर होता," ती म्हणाली.

"किती बरोबर?"

"नेहमीइतका."

"नेहमी कधी सांगितलं नाहीस."

"आता सांगतेय ना."

भाऊजींनी तिच्या हातातला ग्लास घेतला, एक घोट घेतला, माशाचा तुकडा तोडला. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "एप्रन आण."

शनिवारी व्यापारी आले. उंच, मितभाषी गृहस्थ. लाल वाइन त्यांनी मशरूमबरोबर चाखली, भांड्यात सफाईने थुंकली आणि मान डोलावली. मग मासा आणि पांढरी. पुन्हा थुंकले आणि थांबले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण काहीतरी जास्त होतंय."

ताईचा चेहरा उतरला. आमचे हे उभे राहिले. "कुणीही खोलीबाहेर जाऊ नये."

ताईने यांच्याकडे बघितलंही नाही. तिने एक खुर्ची ओढली. "मावशी, बसा. तुम्ही सांगा."

मावशींनी हात पुसले, बसल्या, मासा खाल्ला, घोट घेतला. "ही वाइन आंबट आहे. मग माशावर लिंबू कशाला पिळलंय? एका कामाला दोन माणसं कशाला?"

माशाबद्दल भाऊजींना ताईखेरीज आजवर कुणी शब्दाने बोललं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून ते मावशींकडे बघत राहिले, मग आत गेले. पाच मिनिटांनी बिनलिंबाचा मासा आला.

व्यापाऱ्यांनी तो खाल्ला, वर वाइनचा घोट घेतला आणि या वेळी गिळला. थुंकायचं भांडं त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"पुढच्या महिन्याची बैठक इथे," ते म्हणाले. "या बाई टेबलाशी असतील ना?"

"बसेन की," मावशी म्हणाल्या. "पण ग्लास कोण धुणार?"

भाऊजींनी शांतपणे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. साडूंमध्ये फार बोलावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात आठही टेबलं भरली. मावशी मानाच्या खुर्चीत बसून कशाबरोबर काय, ते सांगत होत्या. आमचे हे आत चोवीस ग्लास घेऊन उभे होते. त्यांतले तेवीस बाहेर आले. चोविसाव्याबाबत यांचा संशय मांजरावर आहे. खाणावळीत मांजर नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.